हेडरवर बसली, पण पेटली नाही: एका पीसीच्या आरजीबी स्ट्रिप्सचं प्रकरण

मशीन आधीच तयार होतं. एमएसआय कंपनीचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, पुढे तीन आणि मागे एक एआरजीबी (प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येणारा) पंखा, सीपीयूवर तसाच पंखा असलेला एअर कूलर, आणि एका बाजूला काच असलेली पोलादी कॅबिनेट. मालक पुण्यात सिंहगड रोडला राहणारा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा विशीतला मुलगा. त्याला कॅबिनेटच्या आत वरच्या आणि खालच्या कडेला एकेक स्ट्रिप हवी होती, मॉनिटरच्या मागे आणखी एक, आणि सगळ्यांचे रंग पंख्यांबरोबर फिरायला हवे होते. यात अवघड काही नाही. पण माझ्याकडे येईपर्यंत त्याची स्ट्रिप आणून, चिकटवून, जोडूनही झाली होती, आणि ती पेटत नव्हती.

"दादा, बोर्डाचा हेडर उडाला का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

हेडर, म्हणजे बोर्डावरची दिव्यांची केबल जोडायची पिनांची जागा, उडालेला नव्हता. त्याच हेडरवरून स्प्लिटरने (एकाचे अनेक फाटे करणाऱ्या केबलने) जोडलेले पाचही पंखे व्यवस्थित रंग बदलत होते. म्हणजे पाच व्होल्ट येत होते आणि डेटाही येत होता. मग दोष स्ट्रिपमध्ये, नाहीतर स्ट्रिप आणि हेडर यांच्या जोडीत.

बंडलात काय होतं

तापकीर गल्लीतल्या एका दुकानात त्याने "कॉम्प्युटरला लावायची, रंग पळणारी" स्ट्रिप मागितली होती. दुकानदाराने पाच मीटरचं बंडल दिलं आणि सोबत एक छोटी केबल दिली: एका टोकाला स्ट्रिपचा तीन वायरींचा लॉकवाला जॅक, दुसऱ्या टोकाला मदरबोर्डाच्या एआरजीबी हेडरवर बसणारा प्लग. लाल, हिरवी, पांढरी अशा तीन वायरी. हेडरलाही पिना तीनच. प्लग सहज बसला. आता यात चुकण्यासारखं काय राहिलं, असं कोणालाही वाटेल.

मी स्ट्रिपचं कापायचं टोक मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून त्याला दाखवलं. तांब्याच्या तीन ठिपक्यांपाशी बारीक अक्षरं असतात. एकाशी 'जीएनडी' (ग्राउंड), मधल्याशी 'डीओ' (डेटा आउट), आणि तिसऱ्याशी '+१२व्ही'. एवढ्यावरच निकाल लागला होता, पण आणखी दोन खुणा पाहण्यासारख्या होत्या. कात्रीची खूण दर तीन एलईडींनंतर एकदा येत होती. आणि प्रत्येक तीन एलईडींच्या गटाशेजारी आठ पायांची एक काळी चिप बसवलेली होती. ही डब्ल्यूएस२८११ जातीची १२ व्होल्टची पिक्सेल स्ट्रिप. मखराला, मंडळाच्या कमानीला, दुकानाच्या पाटीला सर्रास हीच लावतात. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. रंग पळणारी मागितली, रंग पळणारीच मिळाली.

ती ५ व्होल्टवर का पेटली नाही, तेही त्याच तीन-तीनच्या गटांत आहे. अशा स्ट्रिपमध्ये तीन एलईडी एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला प्रत्येकी सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९. लालला सुमारे २, म्हणजे तिघांना ६. हेडर देतो ५. एकही रंग उंबरठा ओलांडत नाही. म्हणून पूर्ण अंधार, आणि नुकसान शून्य.

उलट झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. ५ व्होल्टची स्ट्रिप कोणी १२ व्होल्टच्या हेडरला जोडली, तर डब्ल्यूएस२८१२बी या नेहमीच्या चिपची मर्यादा जेमतेम ५.३ व्होल्टची असते. पहिला एलईडी तर जातोच, बहुतेक वेळा अख्खी स्ट्रिप जाते, आणि डेटाच्या पिनवर उलटा दाब गेला तर बोर्डाच्या कंट्रोलरलाही धोका असतो. कंपनीच्या प्लगमध्ये एक भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो चार पिनांच्या हेडरवर बसत नाही. पण सुट्या केबलींचं, सरळ तीन भोकांच्या जंपर वायरींचं तसं नाही. त्या एक पिन सरकवून कुठेही बसतात.

पिना मोजून काही कळत नाही

बाजारात 'पीसीची आरजीबी' म्हणून जे मिळतं त्यात मुळात दोन घराणी आहेत, आणि कडेला काही सोयरे.

पहिलं साध्या आरजीबीचं. १२ व्होल्ट, चार वायरी: एक सामाईक १२ व्होल्टची आणि हिरवा, लाल, निळा यांच्या तीन. अख्खी स्ट्रिप एका वेळी एकच रंग दाखवते. यात चिप नसते, बोर्ड थेट तिन्ही रंगांचा करंट कमी-जास्त करतो. दुसरं एआरजीबीचं. ५ व्होल्ट, तीन वायरी: पाच व्होल्ट, डेटा, ग्राउंड. इथे प्रत्येक एलईडीच्या पोटातच चिप असते (नीट पाहिलं तर पांढऱ्या चौकोनात काळा ठिपका दिसतो) आणि प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. कापायची खूण दर एका एलईडीनंतर असते.

बोर्डावरची नावं कंपनीगणिक बदलतात. एमएसआय १२ व्होल्टच्या हेडरला जेआरजीबी म्हणते आणि ५ व्होल्टच्या हेडरला जेरेनबो. गिगाबाइटवर एलईडी_सी आणि डी_एलईडी, एएसरॉकवर आरजीबी_एलईडी आणि एडीडीआर_एलईडी. गिगाबाइटच्या काही जुन्या ऑरस बोर्डांवर तर डी_एलईडी हेडरचा व्होल्टेज ५ की १२ हे जंपरने ठरवायची सोय होती. सेकंडहँड बोर्ड घेणाऱ्याने तो जंपर पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये. मल्टिमीटर घरात असेल तर पीसी चालू करून पहिली पिन आणि ग्राउंड यांच्यात मोजा. पाच सेकंदांचं काम आहे आणि त्यात वाद उरत नाही. फक्त प्रोबची टोकं शेजारच्या पिनेला लागू देऊ नका.

आता सोयरे. डब्ल्यूएस२८११ची १२ व्होल्टची स्ट्रिप तीन वायरींची, म्हणजे दिसायला एआरजीबीसारखी. डब्ल्यूएस२८१५ ही १२ व्होल्टची, पण चार वायरींची, कारण डेटाची एक जादा वायर असते. म्हणजे दिसायला साध्या आरजीबीसारखी आणि स्वभावाने अगदी वेगळी. शिवाय कॉर्सेअर आणि एनझेडएक्सटी या कंपन्यांचे स्वतःचे प्लग, जे त्यांच्याच कंट्रोलरला लागतात. म्हणून "तीन पिनांची द्या" किंवा "चार पिनांची द्या" असं दुकानात मागणं हीच मुळात चुकीची सुरुवात. मागायचं ते व्होल्ट आणि चिपच्या नावाने: पाच व्होल्ट, डब्ल्यूएस२८१२बी.

त्याने एक हुशारीचा मार्ग सुचवला होता. याच बंडलाला १२ व्होल्ट एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) मोलेक्स या चार पिनांच्या प्लगवरून द्यायचे, डेटा आणि ग्राउंड तेवढे हेडरवरून घ्यायचे. तांत्रिकदृष्ट्या हे चालतं, मखरवाले कारागीर असले उद्योग करतातही. मी नको म्हटलं, दोन कारणांसाठी. कॅबिनेटमध्ये एकाच जातीच्या प्लगांवर कुठे ५ आणि कुठे १२ व्होल्ट ठेवले, की पुढच्या सफाईच्या वेळी कोणीतरी अदलाबदल करणारच. दुसरं कारण दिसण्याचं. या स्ट्रिपमध्ये तीन एलईडी मिळून एक पिक्सेल होतो. मीटरला ६० एलईडी धरले, तर ३० सेंटिमीटरमध्ये १८ एलईडी, पण पिक्सेल फक्त ६. इंद्रधनुष्याचा गोड उतार सहा ठोकळ्यांत बसवायचा म्हणजे तो ठोकळ्यांसारखाच दिसणार, तेही शेजारी पंख्यात बारा-बारा एलईडी गुळगुळीत फिरत असताना.

बंडल घरच्या गणपतीसाठी ठेवायचं ठरलं. तिथे एक हिशेब मात्र त्याला लिहून दिला: ६० एलईडीची १२ व्होल्टची स्ट्रिप पूर्ण पांढरी केली, तर मीटरला साधारण १४.४ वॉट खाते. पाच मीटरला ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. दुकानात सोबत देतात तो २ अँपिअरचा अडॅप्टर तिथे आरतीच्या मध्येच तापून बंद पडेल.

मॅन्युअलमधलं एक वाक्य

आता खरा प्रश्न: ५ व्होल्टची योग्य स्ट्रिप आणली, तर ती या हेडरला झेपेल का?

बहुतेक लोक इथे एसएमपीएसच्या वॉटकडे बघतात. ६५० वॉटचा आहे, मग दहा-पंधरा वॉटच्या दिव्यांचं काय ते. एसएमपीएसला काहीच नाही. पण करंट त्या हेडरच्या पिनेतून आणि बोर्डाच्या बारीक ट्रॅकमधून जातो, आणि तिथली मर्यादा ३ अँपिअर असते. ५ व्होल्टवर ३ अँपिअर म्हणजे फक्त १५ वॉट. १२ व्होल्टच्या हेडरवर तेच ३ अँपिअर ३६ वॉट होतात. एआरजीबीत ओव्हरलोड लवकर होतो तो यामुळे.

एमएसआयच्या मॅन्युअलमध्ये जेरेनबोपुढे लिहिलेलं असतं: जास्तीत जास्त ३ अँपिअर, ७५ एलईडी, ब्राइटनेस २० टक्क्यांवर ठेवला तर २०० एलईडी. ३ भागिले ७५ म्हणजे त्यांनी एका एलईडीला ४० मिलिअँपिअर धरलेत. असुसच्या अनेक मॅन्युअलमध्ये याच ३ अँपिअरपुढे १२० एलईडी असा आकडा दिसतो. हेडर तोच, करंट तोच, मग ७५ खरे की १२०? एलईडींची मोठी संख्या म्हणजे कंट्रोलर किती एलईडींना डेटा पाठवू शकतो याचा आकडा. तेवढे सगळे पूर्ण पांढरे जळू शकतील असा त्याचा अर्थ नाही. माझ्या हिशेबात अँपिअरचा आकडा पक्का, एलईडीचा आकडा कच्चा.

एका डब्ल्यूएस२८१२बीला पूर्ण पांढऱ्यावर किती लागतं? पारंपरिक उत्तर ६० मिलिअँपिअर: तीन रंग, प्रत्येकी २०. अलीकडच्या बऱ्याच चिप रंगाला १२ मिलिअँपिअरच घेतात, म्हणजे एकूण ३६. नंतर आणलेली १८ एलईडींची स्ट्रिप मी मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून पांढरी केली तेव्हा ०.६ अँपिअरच्या आसपास आलं, म्हणजे ती नव्या जातीतली निघाली. तरी हिशेब मी ६० नेच करतो. इंद्रधनुष्याच्या इफेक्टमध्ये करंट पांढऱ्याच्या साधारण निम्मा पडतो, कारण कुठल्याही क्षणी प्रत्येक एलईडीचे सरासरी दीडच रंग पेटलेले असतात. पण बोर्डाची बायोस (बोर्डाच्या आतलं मूळ सेटिंगचं सॉफ्टवेअर), सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती किंवा घरातला लहान भाऊ कधी पांढरा निवडेल ते सांगता येत नाही.

आता याचं मशीन. पाच पंखे, प्रत्येकात १२ एलईडी, म्हणजे ६०. सगळे स्प्लिटरने एकाच जेरेनबोवर. बोर्डावर ५ व्होल्टचा हेडर एकच होता. ६० गुणिले ६० मिलिअँपिअर म्हणजे ३.६ अँपिअर. म्हणजे एकही स्ट्रिप न लावता हेडर कागदावर भरून वाहत होता. एमएसआयच्या ४० च्या हिशेबाने २.४ अँपिअर होतात, ते मर्यादेत आहेत, आणि म्हणूनच इतके दिवस काही बिघडलं नव्हतं. पण त्यांच्याच ७५ पैकी शिल्लक राहतात १५ एलईडी. ३० सेंटिमीटरच्या दोन स्ट्रिप म्हणजे ३६. मॉनिटरमागचा मीटर धरला तर आणखी ६०.

"पण दादा, स्प्लिटरला अजून तोंडं लावता येतात ना?" स्प्लिटरला तोंडं कितीही असोत, मागे नळ एकच. तोंडं वाढवल्याने पाणी वाढत नाही. ही गोष्ट मला बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावी लागते, आणि दोष त्यांचा नाही; खोक्यावर 'वन टू फोर' एवढंच ठळक छापलेलं असतं, करंटचा आकडा असलाच तर मागे, बारीक अक्षरात.

पर्याय

१२ व्होल्टची साधी आरजीबी स्ट्रिप हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता, कारण जेआरजीबी हेडर रिकामा पडला होता. ६० एलईडीची अशी स्ट्रिप मीटरला १.२ अँपिअर घेते, म्हणजे ६० सेंटिमीटरला ०.७२. ३ अँपिअरच्या हेडरला हे किरकोळ. ज्याला एकच स्थिर रंग हवा, त्याला मी आजही हीच सांगतो; कमी भानगड, कमी सॉफ्टवेअर. पण याला रंग पंख्यांबरोबर फिरायला हवे होते. साधी स्ट्रिप आणि एआरजीबी पंखे शेजारी ठेवले, की पंख्यात लाट धावते आणि स्ट्रिप मात्र एकाच रंगात बसून राहते. काचेतून ते डोळ्यांना खुपतं. पर्याय बाद.

कॉर्सेअरची स्ट्रिप त्याने ऑनलाइन पाहून ठेवली होती. दिसायला सुरेख, पण तिला त्यांचा कंट्रोलर आणि आयक्यू सॉफ्टवेअर लागणार. मग पंखे एमएसआयच्या मिस्टिक लाइट सॉफ्टवेअरवर आणि स्ट्रिप आयक्यूवर. एकाच मशीनवर रंगांची दोन सॉफ्टवेअर ठेवली की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. ज्याचे पंखेही कॉर्सेअरचे आहेत त्याने खुशाल घ्यावी.

उरली ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी. ३० सेंटिमीटरच्या तयार दोन स्ट्रिप, कंपनीचा तीन पिनांचा प्लग, मागे लोहचुंबक, वर सिलिकॉनचं दुधी आवरण. बंडल कापून स्वतः डाग देऊन (सोल्डर करून) बनवलं तर स्वस्त पडतं, पण डाग देणारा हात सरावाचा हवा. पंधरा वॉट म्हणजे काही नाही असं म्हणत दिलेला कच्चा डाग कॅबिनेटमध्ये सुटून ग्राफिक्स कार्डावर पडलेला मी पाहिला आहे.

करंटची वाटणी

स्ट्रिप ठरली, पण हेडर भरलेलाच होता. त्यावर उत्तर साटा पॉवर (एसएमपीएसमधून एसएसडी-हार्डडिस्कला जाणारी केबल) घेणारा एआरजीबी हब. हा हब बोर्डाकडून फक्त डेटा आणि ग्राउंड घेतो, पाच व्होल्ट थेट एसएमपीएसच्या साटा केबलमधून. साटा पॉवरच्या प्लगमध्ये ५ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे एकूण ४.५. किंमत एका बऱ्या पंख्याहून कमी.

पहिली कल्पना सगळंच हबवर टाकायची होती. पंखे ६०, स्ट्रिपचे ३६, एकूण ९६ एलईडी. ६० मिलिअँपिअरने ५.७६ अँपिअर, साटाच्या ४.५ च्याही वर. तेव्हा वाटणी केली. पाचही पंखे हबवर: ३.६ अँपिअर, साटाच्या मर्यादेत. दोन्ही स्ट्रिप थेट हेडरवर: ३६ गुणिले ६०, म्हणजे २.१६ अँपिअर, हेडरच्या मर्यादेत. हेडरवर साधा स्प्लिटर, त्याची दोन तोंडं स्ट्रिपना आणि एक हबच्या डेटा केबलला. सगळं एकदम पांढरं केलं तरी कुठेही मर्यादा ओलांडली जात नाही, आणि डेटा एकाच हेडरचा असल्यामुळे रंग एकत्रच फिरतात.

इथे एक तपासणी मी कधीच टाळत नाही. काही स्वस्त हबमध्ये हेडरच्या केबलमधले ५ व्होल्ट आणि साटाचे ५ व्होल्ट आतल्या पाटीवर एकत्रच जोडलेले असतात. मग पंख्यांचा करंट साटातून येतो की बोर्डातून, यावर कोणाचाच ताबा राहत नाही, आणि जो हेडर वाचवायला हब आणला त्याच्यावरच भार पडतो. हब कशालाही न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देतो त्या सेटिंगवर) ठेवायचा, एक प्रोब डेटा केबलच्या ५ व्होल्टच्या भोकात, दुसरा साटाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर. बीप आला तर त्या डेटा केबलमधली ५ व्होल्टची वायर काढून टाकायची. या हबला बीप आला नाही.

साटाचं तोंड रिकामं नसेल तर लोक मोलेक्सवरून साटा करणारा अडॅप्टर लावतात. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे तसले अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. याच्याकडे एसएसडीच्या केबलवरच दोन तोंडं मोकळी होती, म्हणून प्रश्न आला नाही.

बसवताना

स्ट्रिपवर बाण असतो. डेटा बाणाच्या दिशेनेच जातो. उलट टोकाला प्लग जोडला तर ५ व्होल्ट बरोबर असूनही काही पेटत नाही. तयार स्ट्रिपला प्लग एकाच टोकाला असतो, त्यामुळे तिथे चुकायला वाव नाही. कापलेल्या बंडलात मात्र ही नेहमीची चूक.

जागा निवडताना त्याचा हट्ट खालची स्ट्रिप एसएमपीएसच्या झाकणावर, काचेकडे तोंड करून लावायचा होता. तशी लावून दाखवली. खुर्चीत बसलं की एलईडीचे ठिपके थेट डोळ्यांत आणि काचेत त्यांची दुसरी रांग. मग दोन्ही स्ट्रिप काचेच्या वरच्या-खालच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, तोंड बोर्डाकडे करून लावल्या. आता दिवा दिसत नाही, उजेड दिसतो. ग्राफिक्स कार्डाच्या खालची काळोखी जागाही भरली.

कॅबिनेट पोलादी, त्यामुळे चुंबक धरतात. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटवर ते निरुपयोगी, हे घेण्याआधी पाहायचं. वरच्या स्ट्रिपला चुंबकाच्या जोडीला दोन प्लास्टिक क्लिपही दिल्या. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात खोलीच चाळिशीला टेकते, कॅबिनेटच्या माथ्याशी त्याहून गरम हवा अडकते, आणि नुसता डबल टेप अशा वेळी सावकाश घसरत जातो. टेप लावायचाच असेल तर जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धुळीवर लावलेला टेप पाडव्यापर्यंतही टिकत नाही.

मॉनिटरच्या मागे

इथे मी त्याच्या मागणीला नाही म्हटलं. कारण करंटचंही होतं: आणखी ६० एलईडी, आणि कॅबिनेटबाहेर दीड मीटर बारीक वायर ओढून नेली की ५ व्होल्ट वाटेतच घटतात. मग दूरच्या टोकाचा पांढरा पिवळट-लालसर दिसतो, कारण व्होल्टेज कमी पडलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात. पण मोठं कारण त्याचं काम. तो दिवसभर नवरीच्या शालूचा आणि चेहऱ्याचा रंग जुळवतो. पडद्यामागे जांभळा उजेड फिरत असेल तर डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि पडद्यावरचा पांढरा हिरवट वाटायला लागतो. मग तो हिरवटपणा काढायला म्हणून चांगल्या फुटेजची वाट लावायची. आरजीबी मिसळून केलेला पांढराही या कामाचा नाही, त्याच्या वर्णपटात लाल, हिरवा, निळा असे तीन सुळके असतात आणि मध्ये दऱ्या.

मॉनिटरमागे ६५०० केल्विनची, चांगल्या सीआरआयची (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) साधी पांढरी स्ट्रिप लावली, वेगळ्या यूएसबी चार्जरवर, मंद ठेवून. रंगाचं काम करणाऱ्यांत ६५०० केल्विन हे जुनं मान्य माप आहे. पहिल्या दिवशी तो जरा खट्टू झाला. "रात्री गेम खेळताना काय करू मग?" गेम खेळताना कॅबिनेटचे दिवे आहेत की.

सॉफ्टवेअरमधला एक आकडा

सगळं जोडल्यावर पंखे छान, पण स्ट्रिपचे शेवटचे सहा एलईडी बंद. मिस्टिक लाइटमध्ये हेडरवरच्या एलईडींची संख्या १२ टाकलेली होती, पंख्यांच्या वेळची. डब्ल्यूएस२८१२बीचं काम असं चालतं: प्रत्येक एलईडी आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढे ढकलतो. बाराच एलईडींचा डेटा पाठवला तर तेराव्यापर्यंत काही पोचतच नाही. संख्या १८ केली, स्ट्रिप पूर्ण पेटली.

स्प्लिटर आणि हब हे डेटाच्या प्रती काढतात, त्यामुळे सगळ्या उपकरणांना पहिल्या एलईडीपासूनचा तोच डेटा मिळतो. १८ ठेवल्यावर पंख्यात इंद्रधनुष्याचे पहिले दोन तृतीयांशच मावतात. लाल ते निळा दिसतं, जांभळ्याकडून परत लालकडे येणारा भाग कापला जातो. फिरत्या इफेक्टमध्ये हे कोणाच्या लक्षात येत नाही, स्थिर इफेक्टमध्ये येतं. ज्याला हे खटकतं त्याने दोन जेरेनबो असलेला बोर्ड घ्यावा आणि पंखे एकावर, स्ट्रिप दुसऱ्यावर ठेवाव्यात. याला खटकलं नाही.

पीसी बंद केल्यावरही दिवे जळत राहतात, ही तक्रार मात्र घरच्यांकडून आली. खोली तीच झोपायचीही आहे. बायोसमध्ये 'ईआरपी रेडी' चालू केल्यावर बोर्डाचा स्टँडबाय पुरवठा तुटला आणि दिवे विझले. त्याबरोबर पीसी बंद असताना यूएसबीवर मोबाईल चार्ज होणंही थांबलं, ते त्यांना चाललं.

परवा त्याचा मेसेज आला: ग्राफिक्स कार्डाला टेकू देणारा एआरजीबी ब्रॅकेट घ्यायचाय, कुठे जोडू? हेडरवर ३ पैकी २.१६ गेलेत, शिल्लक ०.८४ अँपिअर, म्हणजे १४ एलईडी. हबवर ४.५ पैकी ३.६ गेलेत, शिल्लक ०.९, म्हणजे १५. ब्रॅकेटवर किती एलईडी आहेत ते विक्रेत्याला विचार, चौदापर्यंत असतील तर कुठेही लाव, पंधरा असतील तर हबवरच, आणि वीस असतील तर बिनदिव्याचा टेकू घे, असं कळवलंय.